नको असलेल्या आवाजांची किंमत

चामराजपेटेतील माझ्या मामांच्या घरी दूरध्वनीशेजारी अजूनही एक आन्सरिंग मशीन आहे. मामांचे वय त्र्याऐंशी. ते एकटे राहतात, त्यांना ऐकू कमी येते, आणि फोनवर घाईघाईने बोलणाऱ्या माणसाचे अर्धे शब्द त्यांच्या हातून निसटतात. म्हणून ते फोन सहसा उचलतच नाहीत. यंत्र निरोप टिपून ठेवते. संध्याकाळी मामा आवाज पूर्ण वाढवून प्रत्येक निरोप दोनदा ऐकतात आणि वहीत लिहून घेतात. उभे आयुष्य त्यांनी दूरवाणीनगरच्या कारखान्यात टेलिफोन तयार करण्यात घालवले असल्यामुळे या यंत्रावर त्यांचा विश्वास आहे. माणसे विसरतात, यंत्र विसरत नाही, असे ते म्हणत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात या यंत्राने एक निरोप घेतला नाही. मामांनी नेहमीच्या तपासणीसाठी रक्त दिले होते. त्यातील पोटॅशियमचे प्रमाण धोकादायकरीत्या वाढलेले निघाले. असा निष्कर्ष आला की प्रयोगशाळेने रुग्णाला ताबडतोब कळवायचे असते, कारण वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकते. प्रयोगशाळेतील मुलीने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा यंत्राने एवढेच सांगितले की आता जागा शिल्लक नाही. दोन दिवसांनी मामा स्वयंपाकघरात कोसळले. शेजाऱ्यांनी वेळेवर दार उघडले म्हणून वाचले. अकरा दिवस रुग्णालयात होते.

ते घरी येण्याआधी मी त्या यंत्रातील निरोप ऐकले. त्याची स्मृती जेमतेम पंधरा मिनिटांची. तीत एकोणीस निरोप होते आणि त्यांपैकी एकही माणसाने मामांसाठी ठेवलेला नव्हता. वैयक्तिक कर्ज, विमानतळाच्या बाजूचे भूखंड, आरोग्य विमा, पुन्हा कर्ज, क्रेडिट कार्ड, कुणा पुढाऱ्याच्या सणाच्या शुभेच्छा. बहुतेक हिंदीत, दोन अशा कन्नडमध्ये, जे कोणत्याही कन्नड माणसाच्या तोंडी कधी आले नसेल. कन्नड साहित्य परिषदेचे कार्यालय ज्या पेठेत आहे, तिथल्या वृद्धाला कर्ज विकायचे तर निदान त्याच्या भाषेत विकावे, एवढाही शिष्टाचार या उद्योगाला परवडत नाही. (मुंबई-पुण्यातील वाचकांना या तक्रारीत नवे काही वाटणार नाही.) समोर माणूस आहे की यंत्र, हे त्या ध्वनिमुद्रणांना कळत नव्हते. फोन जोडला गेला की ती बोलू लागत. अशा रीतीने एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी दिवसभर बोलत राहिले आणि माणसाच्या निरोपाला जागा उरली नाही.

यात माझाही वाटा आहे, तो सांगायला हवा. प्रयोगशाळेच्या अर्जावर पर्यायी संपर्क म्हणून माझा क्रमांक होता. त्या मुलीने मलाही फोन केला. मी एका बैठकीत होतो. पडद्यावर अनोळखी दहा आकडी क्रमांक दिसला आणि मी तो कापला. दुपारी पुन्हा आला, पुन्हा कापला. त्या दिवशी सकाळपासून कर्ज देऊ करणारे चार फोन मी कापले होते. हा पाचवा आणि सहावा.

नको असलेल्या जाहिरातींच्या फोनबद्दल आपण सहसा त्रास, कटकट, वैताग अशा शब्दांत बोलतो. धोरणकर्तेही त्याच शब्दांत विचार करतात, म्हणून त्यांच्या उपायांचे नाव ‘डू नॉट डिस्टर्ब’ असते. वैताग खराच, पण तो या नुकसानीचा किरकोळ भाग आहे. अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन खरा असू शकतो, हा विश्वास कोट्यवधी लोकांनी सोडून दिला आहे, हे खरे नुकसान. रक्तपेढी, शाळा, पोलीस ठाणे, अपघाताच्या ठिकाणी कुणाचा तरी फोन उचलून नातेवाइकाला लावणारा अनोळखी माणूस, या सर्वांचा फोन अनोळखी क्रमांकावरूनच येतो.

चामराजपेट १८९२ मध्ये आखून वसवली गेली. सहा वर्षांनी शहरात प्लेगची साथ आली आणि साथीविरुद्धच्या कामात समन्वय राहावा म्हणून तेव्हा बेंगळूरुत दूरध्वनीच्या तारा टाकल्या गेल्या. म्हणजे या शहरात दूरध्वनीचा प्रवेश झाला तो सार्वजनिक आरोग्याच्या निमित्ताने. पुढे १९४८ मध्ये स्वतंत्र देशाने इथेच इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना काढला. शतक पालटताना हेच शहर रात्रपाळीच्या कॉल सेंटरांसाठी जगात ओळखले जाऊ लागले. नवी नावे व नवे उच्चार शिकलेली आपली मुले अमेरिकी घरांतील जेवणाच्या वेळी फोन करीत. त्याला कंटाळून अमेरिकेने २००३ मध्ये ‘फोन करू नका’ अशी राष्ट्रीय नोंदवही उघडली. तेव्हा आपल्याकडे त्या नोंदवहीची चर्चा झाली ती रोजगारावरील संकट म्हणून. पलीकडच्या ताटावर बसलेल्या माणसाची बाजू आपल्याला फारशी दिसली नाही.

ती दिसू लागली तेव्हा वाट न्यायालयातून गेली. वकील हर्ष पाठक यांनी नकोशा व्यापारी फोनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि २००७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, पहिले विनियम काढून राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ती पुरली नाही. ऑगस्ट २०१० मध्ये तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांना बैठकीत असताना गृहकर्ज देऊ करणारा फोन आला, तेव्हा तत्कालीन दूरसंचारमंत्र्यांनाही हालचाल करावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवे विनियम निघाले; ते सप्टेंबर २०११ पासून पूर्णपणे लागू झाले. जाहिरात करणाऱ्यांसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आले आणि ग्राहकाला बँकिंग, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य अशा सात वर्गांतून काय हवे व काय नको ते निवडता येऊ लागले.

व्यवस्था कागदावर सुबक होती. व्यवहारात झाले असे की नोंदणी केलेले विक्रेते १४० च्या क्रमांकांत अडकले, लोकांनी ते क्रमांक उचलणे सोडले आणि विक्रेत्यांनी साध्या दहा आकडी क्रमांकांचा आश्रय घेतला. नियम पाळणाऱ्याला शिक्षा आणि न पाळणाऱ्याला ग्राहक, अशी ही रचना ठरली. सामान्य माणसाचा क्रमांक आणि विक्रेत्याचा क्रमांक यांतील फरक पुसला गेला तो इथे. प्रयोगशाळेतील त्या मुलीचा फोन मी कापला, त्याचे मूळही इथेच आहे.

तंत्रज्ञानाने हा प्रश्न सुटेल, ही आशा अधूनमधून उसळते आणि तिचे चटके नागरिकांनाच बसतात. ‘ट्राय’ने २०११ मध्ये एका सिमकार्डावरून पाठवायच्या दैनंदिन एसएमएसवर मर्यादा घातली, आधी शंभर, मग दोनशे. जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बिगरव्यापारी संदेशांपुरती ती रद्द ठरवली, कारण तीत सामान्य माणसाचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य चेपले जात होते. मग जुलै २०१८ च्या विनियमांनी ब्लॉकचेनवर आधारलेली नोंदणी आणली: पाठवणारा कोण, मजकुराचा साचा कोणता, संमती कधी दिली, हे सारे नोंदलेले असावे आणि न जुळणारा संदेश वाटेतच अडावा. मार्च २०२१ मध्ये ही चाळणी खरोखर लावली गेली, तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले, व्यवहार खोळंबले आणि दुसऱ्याच दिवशी ‘ट्राय’ला ती आठवडाभरासाठी उचलावी लागली. या सगळ्या खटाटोपात लिखित संदेशांना बऱ्यापैकी शिस्त लागली, हे मान्य करायला हवे. आवाजाला ती लागली नाही. एसएमएसचा साचा आधी तपासता येतो. बोलणे आधी तपासता येत नाही, आणि तपासू लागलो तर तो वेगळाच अनर्थ होईल.

ऑगस्ट २०२४ नंतर प्राधिकरणाने हात उगारला, तो मात्र खरा होता. नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटिंगवाल्यांच्या सर्व जोडण्या तोडा आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका, असा आदेश १३ ऑगस्टला निघाला. काही आठवड्यांतच पन्नासहून अधिक संस्था काळ्या यादीत गेल्या आणि पावणेतीन लाख जोडण्या तुटल्या. अशा विक्रेत्यांविरुद्धच्या तक्रारी ऑगस्टमध्ये १.८९ लाख होत्या, त्या ऑक्टोबरमध्ये १.५१ लाखांवर आल्या. म्हणजे शिक्षा झाली की फरक पडतो. पण किती पडतो, तेही याच आकड्यांत दिसते.

फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने आणखी काही गाठी सोडवल्या. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. कारवाईची मुदत तीस दिवसांवरून पाचवर आली. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या तर पाठवणाऱ्यावर कारवाई होई, आता दहा दिवसांत पाच पुरतात. नोंदणी न केलेल्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करायला स्वतःचे नाव आधी कोणत्याही यादीत असण्याची गरज उरली नाही. तक्रारींची गणना चुकीची दाखवणाऱ्या दूरसंचार कंपनीला दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत भुर्दंड ठेवला. ध्वनिमुद्रित आवाज आणि यंत्राने लावले जाणारे फोन यांचाही प्रथमच नीट विचार झाला. अशी यंत्रणा वापरणाऱ्याने आपल्या कंपनीला आधी कळवले पाहिजे.

ही सगळी कलमे मी मामांच्या जेवणाच्या टेबलावर वाचली आणि १९०९ वर तक्रार करायला बसलो. तक्रारीसाठी किमान तपशील लागतो: फोन करणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि थोडक्यात मजकूर. मजकूर माझ्याकडे शब्दशः होता, विक्रेत्याच्या आवाजात, उत्पादनाच्या नावासकट. तारखा मामांच्या वहीवरून काढता आल्या असत्या. क्रमांक मात्र एकही नव्हता, कारण त्या जुन्या यंत्राला पडदाच नाही. शिवाय मामा रुग्णालयात असताना सात दिवसही उलटून गेले होते. पुरावा हातात असून तक्रार करता येईना. मुळात तो क्रमांक कामाचाही नसतो. असे फोन लावणारे आज एक जोडणी वापरतात, उद्या दुसरी. क्रमांकामागे धावणे म्हणजे चोराने टाकून दिलेल्या चपलेचा पाठलाग. संदेशात कायम राहते ती एकच गोष्ट, विकायची वस्तू. ज्याचा भूखंड, ज्याचे कर्ज, ज्याचा विमा, त्याचे नाव त्या ध्वनिमुद्रणात असतेच. ते नसेल तर जाहिरात करून उपयोग काय?

आणि इथेच आपल्या नियमनाची खरी अडचण आहे. ‘ट्राय’चा अधिकार दूरसंचार सेवा देणाऱ्यांवर चालतो. ते कंपनीला दंड करू शकते, जोडणी तोडायला लावू शकते. पण ज्याच्या वस्तूसाठी हा सारा गोंधळ चालतो त्या व्यापाऱ्याच्या खिशात थेट हात घालू शकत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जून २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली मार्गदर्शक सूचनांचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात ही उणीव ओळखलेली होती. फोन करणारा, करवून घेणारा आणि ज्याला त्याचा लाभ होणार आहे तो, अशा सर्वांना जबाबदार धरण्याचा विचार त्या मसुद्यात होता. ‘लाभार्थी’ हा शब्द आपल्या राजकारणात इतका वापरला जातो, या ठिकाणी तो प्रथमच मला योग्य जागी बसलेला दिसला.

दुसरी अडचण संमतीची. आपली सर्व व्यवस्था ‘नाही’ म्हणणाऱ्यावर उभी आहे. नोंदवहीत नाव घाला, वर्ग निवडा, तक्रार करा, मुदतीत करा, क्रमांकासह करा. जो काहीच करत नाही त्याचे मौन संमती मानले जाते. त्र्याऐंशी वर्षांच्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाने हे सारे केले नाही म्हणून त्याच्या घरातील पंधरा मिनिटे विक्रेत्यांच्या मालकीची ठरतात. याच बेंगळूरुतील निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निवाडा दिला. त्यानंतर आलेला २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा सांगतो की संमती मुक्त, विशिष्ट आणि स्पष्ट कृतीने दिलेली असली पाहिजे. त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्याचे कलम २८ जाहिरातीच्या संदेशांसाठी पूर्वसंमतीची तरतूद करण्याचा अधिकार सरकारला देते. म्हणजे ज्याने ‘हो’ म्हटले नाही त्याला फोन करता येणार नाही, हा साधा नियम करायला नव्या कायद्याची गरज नाही. इच्छेची आहे.

ती इच्छा का दिसत नाही, याचे एक कारण राजकीय आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत लाखो घरांत फोन वाजला आणि पलीकडून पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज आला. अनेकांना तेव्हा त्याचे अप्रूप वाटले. पुढे प्रत्येक पक्षाने ते तंत्र उचलले. निवडणूक आयोगाने अशा ध्वनिसंदेशांना पूर्वप्रमाणनाची अट घातली आहे, पण ती निवडणुकीपुरती. व्यापारी संदेशांचे नियम राजकीय आवाजाला लागू होत नाहीत आणि सरकारी संदेशांना तर मुळातच वेगळी वाट आहे. मार्च २०२४ मध्ये आचारसंहिता लागल्यावरही ‘विकसित भारत’चे व्हॉट्सॲप संदेश लोकांना येत राहिले, तेव्हा ते थांबवा, असे आयोगाला सांगावे लागले. जो स्वतः न विचारता घरात शिरतो, तो इतरांना दाराशी कसा अडवणार?

मामांच्या यंत्रातील एकोणिसांपैकी एक निरोप जाहिरातीचा नव्हताच. ‘हा संदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडून आहे, तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होईल, अधिक माहितीसाठी नऊ दाबा.’ ही भामट्यांची नेहमीची रीत आहे आणि आपण कुणालाही असे फोन करत नाही, असा इशारा प्राधिकरणाने वारंवार दिला आहे. विक्रेत्याचा ध्वनिमुद्रित आवाज आणि भामट्याचा ध्वनिमुद्रित आवाज एकाच वाटेने, एकाच स्वस्त यंत्रणेने येतात. पहिल्याला आपण सवयीने सहन करतो, म्हणून दुसऱ्याला गर्दीत मिसळता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशातून भारतीय क्रमांकाचे सोंग घेऊन येणारे फोन अडवणारी प्रणाली सुरू झाली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत तिने सुमारे १.३५ कोटी फोन अडवले. एवढे सोंग घेतलेले आवाज रोज आपल्या दाराशी उभे होते.

अमेरिकेकडे बोट दाखवायची मला हौस नाही. तिथेही हा उपद्रव संपलेला नाही. पण दोन निर्णय ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. फोनची घंटा न वाजवता थेट व्हॉइसमेलमध्ये जाहिरात टाकण्याची एक युक्ती तिथे निघाली. घंटा वाजली नाही, म्हणजे फोन केलाच नाही, असा विक्रेत्यांचा दावा होता. तिथल्या दूरसंचार आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो फेटाळला आणि त्यासाठीही पूर्वसंमती आवश्यक ठरवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच आयोगाने कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या आवाजाला १९९१ च्या जुन्याच कायद्यातील ‘कृत्रिम आवाज’ म्हणून धरले. त्याआधी काही आठवडे न्यू हॅम्पशायरमधील मतदारांना अध्यक्ष बायडेन यांच्या नकली आवाजात फोन गेले होते. आपल्याकडे व्हॉइसमेल फारसे रुजले नाही. मिस्ड कॉलवर भागवणारा आपला देश, आणि त्या मिस्ड कॉलचाही धंदा करून दाखवणारी झिपडायल ही कंपनी बेंगळूरुचीच, जी २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली. पण आता नवे फोन आणि ॲप अनोळखी फोनला स्वतःच उत्तर देऊन निरोप लिहून ठेवू लागले आहेत. मामांचे जुनाट यंत्र उद्या प्रत्येकाच्या खिशात असेल. तेव्हा ती पेटी कुणाच्या आवाजाने भरायची, हा प्रश्न आजच सोडवलेला बरा.

एक सूचना तर उद्या अमलात आणता येईल. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका राखून ठेवली गेली आहे, जेणेकरून लोकांना खरा फोन ओळखता यावा. रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२५ मध्ये आपल्या अखत्यारीतील संस्थांना ती वापरायला सांगितले. पैशासाठी ही सोय होऊ शकते, तर रुग्णालये, रक्तपेढ्या आणि रोगनिदान प्रयोगशाळा यांच्यासाठी तशीच वेगळी मालिका का असू नये? तातडीचा वैद्यकीय निष्कर्ष कळवणारा फोन आणि भूखंड विकणारा फोन पडद्यावर सारखेच दिसावेत, याला कोणतेही तांत्रिक कारण नाही.

मामा आता बरे आहेत. यंत्र त्यांनी काढले नाही. मी दर दोन दिवसांनी जाऊन ते रिकामे करतो. त्या दिवशी प्रयोगशाळेतील मुलीने ज्या क्रमांकांवरून फोन केला असता असे तिन्ही क्रमांक मी तिच्याकडून मागून घेतले आणि माझ्या फोनमध्ये नावानिशी नोंदवले. मामांना दाखवले, तेव्हा त्यांनी वही बाजूला ठेवली आणि विचारले, ‘‘त्यांनी चौथ्याच क्रमांकावरून फोन केला, तर उचलशील का?’’ मी यंत्रातील निरोप पुसत होतो. त्या दिवशी सात होते.